दीड मिनिटाचं भूत

अल लुईस हा अमेरिकन विनोदी नट कित्येक वर्षं स्वतःचं वय तेरा वर्षांनी वाढवून सांगत असे. खरा जन्म १९२३ चा, सांगायचा १९१०. 'द मन्स्टर्स' या १९६४ ते १९६६ च्या मालिकेत तो भुताळी कुटुंबातला व्हॅम्पायर आजोबा होता आणि त्याच्या मुलीचं काम करणारी इव्हॉन डी कार्लो प्रत्यक्षात त्याच्याहून आठेक महिन्यांनी मोठी होती. मालिका ७० भागांत आटोपली. त्याच्याबरोबर हर्मनचं काम करणारा फ्रेड ग्विन आपल्या त्या भूमिकेचा शिक्का पुसायला पुढे कित्येक वर्षं झटला. लुईसने तोच शिक्का कपाळावर मिरवला. ग्रेनिच व्हिलेजमध्ये हॉटेल काढलं तेही आजोबांच्या नावाने. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी ग्रीन पार्टीतर्फे उभा राहिला, तेव्हा मतपत्रिकेवर 'ग्रँडपा अल लुईस' असं छापा म्हणून कोर्टात गेला. कोर्टाने नाही म्हटलं. तरी ५२ हजारांवर मतं पडली.

या सगळ्याच्या मधे, १९८७ ते १९८९, अटलांटाच्या टीबीएस वाहिनीवर तो 'सुपर स्केरी सॅटर्डे' करत होता. वय चौसष्टच्या पुढे, अंगावर तोच पोशाख, काम एवढंच की शनिवारी भुताखेतांचा किंवा राक्षसांचा एक जुना सिनेमा लागणार, त्याच्या आधी, मधे आणि शेवटी येऊन बोलायचं. अशा माणसाला तिकडे हॉरर होस्ट म्हणतात. म्हातारा नट जुन्या पुण्याईवर जगला, असं म्हणून हा विषय निकालात काढता येतो. पण हे काम जमायला जी हत्यारं लागतात ती उतारवयातल्या विनोदी नटाकडेच धारदार सापडतात. पाच पानी स्वगत पाठ करायची ताकद कमी झालेली असते, पळापळ झेपत नसते, पण दीड मिनिटात कुठे थांबायचं हे हाडात मुरलेलं असतं. आणि हॉरर होस्टचं सगळं काम दीड-दीड मिनिटाचंच आहे.

हा प्रकार जन्मला हिशेबातून. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएबीसी वाहिनीवर मायला नुर्मीने 'व्हॅम्पिरा' उभी केली, ती पहिली म्हणतात. पण लाट आली १९५७ मध्ये. स्क्रीन जेम्स या कंपनीने युनिव्हर्सलच्या ५२ जुन्या चित्रपटांचा गठ्ठा 'शॉक' या नावाने गावोगावच्या टीव्ही केंद्रांना विकला. त्यातले बरेच सिनेमे तासा-सव्वा तासाचे. रात्रीचा स्लॉट मात्र दीड ते दोन तासांचा. जाहिराती भरूनही भोक उरायचं. ते बुजवायला केंद्रात जो हाताशी असेल त्याला काळा झगा चढवायचा. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली, क्लीव्हलँडमध्ये अर्नी अँडरसन. सगळ्यात स्वस्त भरती म्हणजे एक माणूस, एक खुर्ची, एक मेणबत्ती.

आपल्याकडे हा प्रकार का रुजला नाही याचंही उत्तर मला हिशेबातच दिसतं. केबल टीव्ही नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, १० व्यावसायिक आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. तीन तासांच्या स्लॉटमधून ३६ मिनिटं गेली, उरली १४४. अडीच तासांचा हिंदी रहस्यपट घ्या. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला, आपला टीव्ही २५ ने चालतो, म्हणजे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत पळतो. होस्टला किती उरली? शून्य. (या पळण्यात आवाजही चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या जरा अलीकडे जाऊन बसतं. कान तयार असलेल्याला ते खुपतं.) शिवाय आपल्या सिनेमाने विनोदी नट आतच बसवलेला असतो. रामसेंच्या 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप आहेतच की. भुताने दोन बळी घेतले की विनोदाचा एक तुकडा. अमेरिकेत जो माणूस सिनेमाच्या बाहेर, जाहिरातीच्या उंबऱ्यावर बसला, तो आपल्याकडे रिळाच्या आत राहिला.

मराठीत याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर ड्रॅक्युलाच्या वाड्यात जाऊ नये, दशावतारात जावं. आड दशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, येणारा संकासुर हा वेद पळवणारा राक्षस. त्याने घाबरवायला हवं. पण तो मालवणीत हुज्जत घालतो आणि मंडप हसवतो, मग पुढचं आख्यान चालू होतं. भीतीच्या दारात हसणारा राक्षस उभा करायचा, ही युक्ती आपल्याला कुणी शिकवायला नको.

आज हा कार्यक्रम मुंबईत करायचा झाला, मग तो वाहिनीवर असो की यूट्यूबवर, तर सुरुवात संहितेने करू नये. सुरुवात वेळेच्या तक्त्याने करावी. दोन तासांचा स्लॉट धरू. २४ मिनिटं जाहिरातीची, उरली ९६. सिनेमा ८५ मिनिटांचा असेल तर २५ च्या वेगाने तो ८१ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. होस्टला राहिली १४ मिनिटं २४ सेकंद. सुरुवात ३ मिनिटं, सहा ब्रेक प्रत्येकी दीड मिनिट म्हणजे ९, शेवट २. झाली १४. उरलेले २४ सेकंद शीर्षकाला. हे गणित आधी न करणाऱ्याची फजिती ठरलेली: होस्टचं चित्रीकरण २० मिनिटांचं होतं आणि एडिटर ते कापताना नेमके थांबे कापतो, कारण थांब्यात 'काही घडत नसतं'. विनोद तिथेच मरतो. यूट्यूबवर स्लॉटची सक्ती नाही आणि फाइल २४ नेच चालते, पण तिथेही १५ मिनिटांच्या वर जाऊ नये. लोक सिनेमा बघायला आलेत.

आणखी एक मेख. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर चालत नाही, तो कापून नव्याने प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तेव्हा लांबी मोजायची ती या कापलेल्या प्रतीची. इंटरनेटवर वाचलेल्या लांबीवर तक्ता केला तर होस्ट ज्या दृश्याबद्दल बोलतो ते दृश्यच प्रतीत नसतं.

मग ब्रेक कुठे पाडायचा. मालिकांची सवय सांगते की दार उघडणार, हात पुढे येणार, तिथे तोडा. होस्ट असताना ही सवय उलटते. त्याचं पहिलं वाक्य हशा पिकवतं आणि हशा म्हणजे साठवलेल्या भीतीला पडलेलं छिद्र. परत सिनेमात गेल्यावर तो हात नुसता हात उरतो. त्यामुळे ब्रेक घ्यायचा तो दचका बसून गेल्यावर किंवा सिनेमा स्वतःच दम खातो तिथे: गाडी बंद पडते, पोलीस चौकशी करतात, प्रोफेसर फळ्यावर काहीतरी समजावतो. प्रोफेसराच्या दृश्यानंतरचा ब्रेक तर सोन्यासारखा, प्रेक्षक कंटाळलेला असतो आणि होस्ट त्याच्या मनातलं बोलतो.

पात्र कोणतं, हा पुढचा प्रश्न. जवळपास प्रत्येक जण आधी ड्रॅक्युला निवडतो. त्याचे तोटे कॅमेरा चालू झाल्यावर कळतात. भाड्याचा झगा बहुधा नायलॉनचा किंवा सॅटिनचा, छातीवर लावलेल्या लेपल माइकला घासून प्रत्येक वाक्यामागे सळसळ येते. ती नंतर निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे सुळे. वरच्या दातांवर बसणारी ॲक्रिलिकची पट्टी जिभेच्या टोकाची जागा खाते आणि मराठीत नेमकं तिथेच आपलं दुकान आहे. दंत्य च, ज, झ त्या जागेवर तयार होतात. 'चमचा चाटून झाडाजवळ झोपला' हे वाक्य सुळे लावून म्हणायला सांगा. 'चमचा'चा 'शमशा' झाला तर सुळे बाद. इंग्रजीला हा त्रास कमी, म्हणून तिकडचं बघून फसायला होतं. लावायचेच असतील तर पट्टी नको, दातांच्या डॉक्टरकडून ठसा घेऊन फक्त दोन सुळ्यांच्या टोप्या करून घ्याव्यात. नटाला कवळी असेल तर टोप्या कवळीवर बसवून बघाव्यात. बोलताना कवळी हलत असेल तर सुळे फक्त सुरुवातीच्या न बोलत्या शॉटपुरते.

त्यापेक्षा आपलीच भुतं बरी. ती एकसारखी नाहीत, प्रत्येकाचं खातं ठरलेलं आहे. गिऱ्हा पाण्यातला, चकवा वाट चुकवणारा, देवचार गावाची हद्द सांभाळणारा. माझं मत मुंज्याला. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. आता हे काम पासष्टीच्या नटाला द्या. उघडं अंग, लंगोटी, हातात दंड, डोक्यावर शेंडी आणि चेहऱ्यावर साठ वर्षं आठ वर्षांचं राहिल्याचा वैताग. विनोद पोशाखातच उभा आहे, बोलायच्या आधी. चाळ पडून टॉवर झालाय, पिंपळ तेवढा कंपाउंडच्या कोपऱ्यात शिल्लक आहे. सुळ्यांचा प्रश्न मिटला, झग्याचा मिटला. माइक लपवायला सुती उपरण्याची घडी आहे, सुती कापड सळसळत नाही.

संहितेचा एक ब्रेक जवळून बघू. सिनेमात पाऊस पडतोय, नायकाची गाडी बंगल्यासमोर बंद पडलीय. तोड. मुंज्या फांदीवर, पाय लोंबकळतायत.

'गाडी बंद पडली. बरोब्बर बंगल्यासमोर. साठ वर्षं बघतोय मी हे सिनेमे, एकदाही कुणाची गाडी पेट्रोल पंपासमोर बंद पडलेली नाही.' दोन मोजायचे.

'आमच्या गल्लीत बरं असतं. गाडी बंद पडली की चार जण धक्का मारायला येतात. पाचवा मी. मी हात लावला की गाडी चालू होते... पण ते चार जण पळतात.' दोन मोजायचे, वर टॉवरकडे नजर.

'ही चाळ पाडली तेव्हा सगळ्यांना नवीन जागा मिळाली. मीपण अर्ज केला. म्हणाले, पुरावा आणा. म्हटलं, कसला? म्हणाले, हयातीचा दाखला.'

इथे तीन पूर्ण सेकंद. कॅमेऱ्यात सरळ बघायचं, चेहरा हलवायचा नाही.

'असो. बंगल्यात दिवा लागलाय. आत कोण आहे ते मला माहितीये, सांगणार नाही. तुम्ही फक्त दाराच्या कडीवर लक्ष ठेवा.'

हे सगळं मिळून ऐंशीच्या आसपास शब्द आहेत. बातम्या वाचणारा ते अर्ध्या मिनिटात वाचून टाकेल. विनोदी नट थांबे, नजरा, फांदीवरची चुळबूळ धरून सव्वा ते दीड मिनिट घेतो. नवा लेखक दीड मिनिटाला दोनशे शब्द लिहितो आणि नटाची दमछाक करतो. शंभरच्या आत राहावं. तीन विनोद, त्यातला सगळ्यात जोरकस तिसरा, आणि शेवटचं वाक्य विनोदाचं नाही. त्यात प्रेक्षकाला काम दिलंय: कडी बघा. जाहिरातीच्या तीन-चार मिनिटांत माणूस चहा ठेवायला उठतो, ही कडी त्याला परत आणते. अर्थात सिनेमात ती कडी खरोखर हलायला हवी. होस्टचा लेखक सिनेमा किमान दोनदा बघतो, दुसऱ्यांदा हातात वही घेऊन.

सिनेमाची टर उडवण्याचा मोह आवरायचा असतो. पहिल्याच ब्रेकला 'काय भंगार सिनेमा आहे' म्हटलं की प्रेक्षक म्हणतो, मग मी कशाला बघू? पहिले दोन ब्रेक सिनेमाच्या बाजूने, तिसऱ्यापासून चिमटे. कॅनडाच्या 'एससीटीव्ही' या विनोदी मालिकेत जो फ्लॅहर्टी या नटाने 'काउंट फ्लॉइड' नावाचा नकली होस्ट केला होता, त्याची गंमत नेमकी याच्या उलट टोकाला होती. सिनेमा मुळीच भीतिदायक निघायचा नाही आणि हा बिचारा पोरांना घाम पुसत पटवत राहायचा की फार भीतिदायक आहे. पोशाख व्हॅम्पायरचा आणि ओरडायचा लांडग्यासारखा. तो सिनेमाला हसत नव्हता, सिनेमामुळे अडचणीत आला होता. होस्ट अडचणीत असला की प्रेक्षक त्याच्या बाजूने होतो.

रंगमंचावरून आलेल्या नटाची खरी पंचाईत वेगळीच असते. हशा येत नाही. दामोदरला किंवा दीनानाथला ज्याने चाळीस वर्षं टाळीवर वाक्य सोडलंय, तो रिकाम्या फ्लोअरवर दोनांपैकी एक चूक करतो: हशाची वाट बघत जास्त थांबतो, नाहीतर घाबरून धावतो. युनिटला हसायला सांगू नये. लाइटदादा पहिल्या टेकला मनापासून हसतात, चौथ्याला उपकार म्हणून हसतात आणि नटाला फरक लगेच कळतो. उपाय म्हणजे उत्तर देणारं काहीतरी सेटवर ठेवायचं. झॅकर्लीकडे शवपेटीत कधीच न दिसणारी बायको होती, तिच्याशी तो बोलायचा. आपल्या मुंज्याला पिंपळाची पानं आहेत. वाक्य संपलं की आर्ट असिस्टंटने फांदी हलवायची, सळसळ झाली की पुढचं वाक्य. नटाला ठेका मिळतो, प्रेक्षकाला वाटतं झाड हसलं. तमाशात सोंगाड्याला सरदार लागतो तो याचसाठी.

टेलिप्रॉम्प्टर नको. होस्ट लेन्सच्या अगदी जवळ, छातीपर्यंतच्या चौकटीत असतो, बुबुळं डावी-उजवीकडे सरकताना स्वच्छ दिसतात आणि भूत वाचून बोलताना दिसलं की खेळ खलास. लेन्सखाली मोठ्या अक्षरांचा एक पुठ्ठा, त्यावर पाच शब्द: पंप, धक्का, दाखला, दिवा, कडी. जुन्या नटाला तेवढं पुरतं.

प्रकाशाबद्दल. खालून लाइट मारला की भूत होतं, हे शाळकरी पोरालाही टॉर्चमुळे माहीत आहे. अडचण अशी की नुसत्या खालच्या लाइटने डोळ्यांच्या खोबण्या उजळतात, पण बुबुळात चमक येत नाही, आणि विनोदी नटाचं निम्मं काम डोळ्यांत असतं. म्हणून खालून एक एलईडी पॅनल, त्यावर उजेड मऊ करायला ट्रेसिंग पेपर आणि हिरवट जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. मागून खांद्यावर निळसर कड. आणि लेन्सच्या उंचीवर समोरून एक लहानसा पांढरा लाइट, मुख्यपेक्षा दोन स्टॉप खाली, म्हणजे पाव उजेडाचा, केवळ डोळ्यांसाठी. हा तिसरा लाइट विसरला की नट मेहनत करतो आणि मॉनिटरवर भोपळा दिसतो. २५ फ्रेमला शटर सेकंदाच्या एक पन्नासांशावर ठेवा. सजावटीच्या स्वस्त एलईडी माळा तरीही लुकलुकू शकतात, त्या आधी कॅमेऱ्यातून तपासा.

मेकअपला पांढराफटक बेस लावू नये. हिरव्या लाइटखाली तो कॅमेऱ्यात जळतो, म्हणजे तपशील उडतात, नाक-गाल एक होतात. नटाच्या रंगापेक्षा दोनच छटा फिका बेस, त्यात चिमूटभर राखाडी, डोळ्यांखाली तपकिरी. वयस्क त्वचेवर पावडर सुरकुत्यांत साचते आणि वरच्या थरापासून वेगळी दिसते, म्हणून क्रीमवर भर आणि पावडर फक्त कपाळ-नाकाला. शेंडीचा तुकडा स्पिरिट गमने (केस चिकटवायच्या गोंदाने) बसतो, पण त्याची शिस्त आहे: आधी जागा स्पिरिटने पुसून तेल काढायचं, गमचा पातळ हात द्यायचा, बोटाला चिकट लागेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं, मग ओलसर फडक्याने दाबायचं. ओल्या गमवर लगेच लावलं की कडा सुटतात. मुंबईत तशाही सुटतात, कारण साखळी अशी आहे: एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून टेकला एसी बंद, एसी बंद म्हणून घाम, घाम आला की गम सुटला. दोन टेकनंतर पाच मिनिटं एसी, हा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमधला फ्लोअर घेऊच नये, पडद्यावरच्या पावसापेक्षा छतावरचा मोठा वाजतो.

धुराकडे जरा गंभीरपणे बघायला हवं. जमिनीलगत वाहणारं धुकं हवं म्हणून ड्राय आइस मागवतात. तो उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड, हातमोज्यांशिवाय धरला की कातडी जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की १ किलोतून सुमारे ५५० लिटर वायू निघतो. अंधेरीतला लहान फ्लोअर धरा, २० बाय १५ फूट, उंची १० फूट. म्हणजे साधारण ८५ हजार लिटर हवा. ५ किलो टाकला तर सुमारे २,७०० लिटर, खोलीभर पसरला तर तीन टक्क्यांच्या वर. दिवसभर काम करण्याच्या जागेची मर्यादा अर्धा टक्का आहे, पंधरा मिनिटांची तीन टक्के. आणि तो खोलीभर पसरत नाही. हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. शवपेटीत आडवा पडलेला, साठी ओलांडलेला नट खोलीतल्या सगळ्यात खालच्या खड्ड्यात असतो. डोकं दुखणं, धाप लागणं, मग भोवळ, आणि हे सगळं 'काका काय अभिनय करतायत' म्हणून बघितलं जातं. नट आडवा असेल तर ड्राय आइस नाही. ग्लायकॉलचं साधं फॉग मशीन, दार उघडं ठेवून, आणि इमारतीच्या स्मोक अलार्मबद्दल आधी विचारून. फॉग टेकगणिक बदलतो, म्हणून एक ब्रेक शक्यतो एकाच टेकमध्ये घ्यावा. मुंज्या फांदीवर बसतो हा त्याचा आणखी एक गुण, तो धुराच्या वर असतो. फांदी मात्र आत लोखंडी चौकट घालून, पाठीला टेकू देऊन करायची आणि तिची उंची बैठकीला तीन फुटांपेक्षा जास्त नको. खालून कॅमेरा लावला की तीन फूटही झाड दिसतं.

एका बारा तासांच्या शिफ्टमध्ये चार सिनेमांचं काम निघतं, म्हणजे ५६ मिनिटं पक्कं. निर्मितीवाले म्हणतात, चारही सुरुवाती आधी घेऊ, मग सगळे ब्रेक. लाइटचा वेळ वाचतो हे खरं, पण नट कोणत्या सिनेमात आहे हेच विसरतो आणि चारही भाग एका सुरात येतात. एक सिनेमा पूर्ण, मग दुसरा. दुपारच्या जेवणानंतरचा पहिला ब्रेक तेवढा सोपा ठेवावा.

सिनेमे कुठून आणायचे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. 'बीस साल बाद' १९६२ चा, त्याची मुदत २०२२ अखेर संपली. पण गाफील राहू नका. पटकथा, गीतं आणि चाल यांचा हक्क लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो, तो चित्रपटाबरोबर संपत नाही. सिनेमा मोकळा आणि त्यातलं गाणं बांधलेलं, अशी स्थिती असते. यूट्यूबवर पहिली नोटीस गाण्यासाठीच येते. अमेरिकन होस्टांचा हक्काचा सिनेमा म्हणजे १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. नाव बदलताना नव्या शीर्षकावर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात तेवढ्याने सिनेमा सार्वजनिक झाला. तो ९६ मिनिटांचा आहे, २५ च्या वेगाने ९२ मिनिटं १० सेकंद. दोन तासांच्या स्लॉटमध्ये होस्टला ३ मिनिटं ५० सेकंद मिळतात, त्यात काही होत नाही. अडीच तास घ्या, २७ मिनिटं ५० सेकंद मिळतात, ती मात्र जास्त होतात. शेवटी तक्ता नटापेक्षा मोठा.

म्हणून दिवसाच्या शेवटी, शेंडी काढायच्या आधी, तीन भरतीचे तुकडे घेऊन ठेवायचे: २० सेकंद, ४० सेकंद, १ मिनिट. सिनेमाचं नाव नाही, संवाद नाही. मुंज्या फांदीवर बसलाय, टॉवरच्या सातव्या मजल्यावर कुणाच्या तरी खिडकीत दिवा लागतो, तो बघतो, दिवा विझतो, तो कॅमेऱ्याकडे बघतो. २० सेकंदांचा तुकडा बहुतेक नटांना १३ व्या सेकंदाला सुटतो, काहीतरी करावंसं वाटतं, भुवई उडते. ज्याची उडत नाही त्याच्याकडून लगेच दुसराही घ्यावा.